घरचें दफ्तर आणि नवी प्रणाली

घरांतील संगणक सुरू करावा आणि कामास हात घालण्यापूर्वींच पडद्यावर एक सूचना उभी राहावी, असा अनुभव अलीकडे आमच्या पुष्कळ वाचकांस आला असेल. सूचनेचा आशय इतकाच कीं, आपल्या यंत्रांतील विंडोज १० या प्रणालीचा सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. आतां नवी प्रणाली घ्या, आणि यंत्र तिला पेलत नसेल तर यंत्रच नवें घ्या. ही सूचना येतांच घरोघर दोन पक्ष पडतात. तरुण मंडळी म्हणतात, 'हें खोकें एकदांचें मोडींत काढा.' वडील मंडळी म्हणतात, 'चालतें आहे तोंवर चालूं द्या.' दोन्ही पक्षांचें म्हणणें आम्हीं ऐकलें आहे, आणि दोहोंतहि थोडें तथ्य आहे. परंतु ज्या वस्तूसाठीं हा सारा खटाटोप करावयाचा, तिचें नांव या वादांत कोणीच घेत नाहीं. तें नांव घेण्यासाठींच आजचा हा लेख आहे.

संगणकाच्या संसारांत तीन वस्तु निरनिराळ्या आहेत, आणि बहुतेक गोंधळ त्या एकच मानल्यामुळें होतो. पहिली वस्तु यंत्र. तें लोखंडाचें, काचेचें, तारांचें. दुसरी प्रणाली, जिला मुलें ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. तिसरी दफ्तर, म्हणजे त्या यंत्रांत आपण सांठविलेलीं पत्रें, हिशेब, वंशावळ, टांचणें, छायाचित्रें. जुन्या वाड्याचा दृष्टान्त घेतला तर यंत्र म्हणजे वाडा, प्रणाली म्हणजे वाड्याचा कारभारी, आणि दफ्तर म्हणजे त्या कारभाऱ्याच्या हवालीं केलेल्या पेटींतील घरचे कागद. वाडा जुना असूं शकतो, कारभारी बदलूं शकतो. कागद मात्र ज्याचे त्याचेच असतात, आणि एकदां गेले म्हणजे कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहींत.

आतां कारभाऱ्याचा सांभाळ संपला याचा अर्थ काय, तें पाहूं. कारभारी मेला, असा त्याचा अर्थ नव्हे. विंडोज १० असलेलें यंत्र १५ ऑक्टोबर २०२५ रोजींहि पूर्वींप्रमाणेंच सुरू झालें. फरक पडला तो असा. अशा प्रणालींत लक्षावधि ओळींचा मजकूर असतो, आणि त्यांत कोठें ना कोठें फट राहिलेली असते. फट सांपडली म्हणजे मायक्रोसॉफ्ट कंपनी ती बुजविण्याची दुरुस्ती तयार करून घरोघर पाठवी. मुदत संपल्यावर ही दुरुस्ती येणें थांबलें. फटी सांपडण्याचें मात्र थांबत नाहीं. चोरांस नवी युक्ति कळावी आणि आपल्या कारभाऱ्यास ती कोणी सांगूं नये, अशी ही स्थिति आहे. यांत नवल असें कांहीं नाहीं. २००१ सालीं आलेल्या विंडोज एक्सपीचा सांभाळ ८ एप्रिल २०१४ रोजीं संपला. २००९ च्या विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजीं. आणि २०१५ च्या जुलैंत आलेल्या विंडोज १० ची पाळी आतां आली. प्रत्येक प्रणालीस दहा-बारा वर्षांचें आयुष्य, हा या व्यवसायाचा क्रमच होऊन बसला आहे.

'आमच्या घरीं चोरण्यासारखें आहे काय?' असें म्हणणाऱ्यांसाठीं एक उदाहरण देतों. मे २०१७ मध्यें 'वॉन्नाक्राय' नांवाच्या विषाणूनें जगभरांतील असंख्य संगणकांची कागदपत्रें कुलुपांत घालून किल्लीसाठीं पैसे मागितले. ज्या फटींतून तो शिरला, तिची दुरुस्ती मार्च महिन्यांतच निघाली होती. ज्यांनीं ती घेतली नव्हती, ते सांपडले. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचीं कामें त्यामुळें खोळंबलीं, आणि अखेर सांभाळ संपून तीन वर्षें झालेल्या एक्सपीसाठींहि कंपनीस अपवाद म्हणून दुरुस्ती द्यावी लागली. लगेच पुढल्या महिन्यांत, २७ जून २०१७ रोजीं, तीच फट वापरणारा दुसरा विषाणु पसरला. तेव्हां आपल्याच महाराष्ट्रांत न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलचें काम ठप्प झालें. हे विषाणु घर लहान कीं मोठें तें पाहत नाहींत. दार उघडें आहे कीं नाहीं एवढेंच पाहतात. आज आमच्या हदगांवासारख्या तालुक्याच्या गांवींहि घरच्या संगणकावरून सातबारा काढतात, निवृत्तिवेतनाची चौकशी करितात, बँकेचे व्यवहार उरकतात. ज्या यंत्रावरून पैसा हलतो, त्याचा कारभारी जागता असणें अवश्य आहे. एवढ्यापुरती तरुण पक्षाची बाजू खरी.

परंतु कारभारी बदलण्यासाठीं वाडा पाडावाच लागतो, असें नाहीं. नवी विंडोज ११ ही २०२१ च्या ऑक्टोबरांत आली, आणि विंडोज १० असलेल्या पात्र यंत्रांस ती फुकट मिळते. पात्रतेच्या अटी अशा : चौसष्ट-बिटी, निदान दोन गाभ्यांचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी सांठवण, सुरक्षित रीतीनें सुरू होण्याची सोय, आणि टीपीएम २.० नांवाचा एक लहानसा भाग. हा भाग म्हणजे यंत्राच्या पोटांत बसविलेली किल्ल्यांची तिजोरी समजावी. इंटेल कंपनीचा प्रोसेसर असेल तर तो बहुतेक आठव्या पिढीचा वा पुढचा लागतो. ही पिढी २०१७ सालीं निघाली. म्हणजे स्थूल मानानें २०१८ नंतर घेतलेलें यंत्र पात्र ठरण्याचा संभव पुष्कळ, त्यापूर्वींचें यंत्र अपात्र ठरण्याचा संभव अधिक. नक्की काय तें 'पीसी हेल्थ चेक' नांवाचा कंपनीचाच लहानसा प्रोग्रॅम घटकाभरांत सांगतो. तेव्हां दुकानदारास विचारण्यापूर्वीं त्यास विचारावें.

यंत्र अपात्र ठरलें तरी मार्ग खुंटत नाहींत. घरगुती ग्राहकांनीं विंडोज १० साठीं नांव नोंदविल्यास सुरक्षिततेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची सोय कंपनीनें केली. ही एका वर्षाची सवड होय. कायमची व्यवस्था नव्हे. दुसरा मार्ग लिनक्सचा. फिनलंडांतील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिलेल्या या प्रणालीच्या अनेक शाखा आज फुकट मिळतात, आणि त्यांतील हलक्या शाखा दहा-बारा वर्षांच्या यंत्रावरहि बऱ्या चालतात. आपल्या देशांतील सी-डॅक या सरकारी संस्थेनें २००७ सालीं 'बॉस' नांवाची अशीच एक प्रणाली काढली, आणि तींत मराठीचीहि सोय केली. केरळांतील सरकारी शाळांतून तर मुलें वर्षानुवर्षें याच जातीच्या मुक्त प्रणालींवर शिकत आलीं आहेत. अर्थात् विंडोजसाठीं केलेले कांहीं प्रोग्रॅम तेथें चालत नाहींत, आणि जुनें छपाईयंत्र कधीं कधीं रुसून बसतें, हेंहि सांगितलें पाहिजे. तिसरा मार्ग नव्या यंत्राचा; तो सर्वांत सोपा आणि सर्वांत खर्चाचा. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरास तीस-चाळीस हजार रुपये ही रक्कम लहान नाहीं. गीतेंतील जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त आमच्या वाचकांस पाठ असेलच. तेथें आंतला तोच राहून वस्त्र बदलतें. संगणकाच्या बाबतींत पुष्कळदां वस्त्र तेंच ठेवून आंतला बदलतां येतो, आणि साध्या संसारास तेंच परवडतें. एवढ्यापुरती वडील पक्षाची बाजू खरी.

येथवर यंत्राचें आणि प्रणालीचें झालें. यांत चूक झाली तर पैशाचें नुकसान होईल, आणि पैसा पुन्हां मिळवितां येतो. आतां तिसऱ्या वस्तूकडे, म्हणजे दफ्तराकडे वळूं.

मराठवाड्यांतील माणसास दफ्तराचें महत्त्व नव्यानें सांगण्याची गरज नसावी. आमचा हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. कचेरीचा कारभार उर्दूंत, वाण्याब्राह्मणांचे घरगुती हिशेब आणि देवघेवीचे कागद मोडींत, पोथ्या बाळबोधींत, अशी तेव्हांची त्रिविध व्यवस्था होती. पुढें राज्य बदललें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला. कारभाराची प्रणालीच बदलली म्हणा ना! कागद कोणी जाळले नाहींत. पेट्या होत्या तेथेंच राहिल्या. फक्त दोन पिढ्यांत ते कागद वाचणारा माणूस घरांतून नाहींसा झाला. मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठीं सप्टेंबर २०२३ मध्यें शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली, तेव्हां मराठवाड्यांतील निजामकालीन कागद बाहेर काढावे लागले, आणि ते वाचण्यासाठीं उर्दूचे आणि मोडीचे जाणकार शोधावे लागले. त्या प्रश्नाच्या वादांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे. आमच्या विषयापुरता बोध एवढाच कीं, कागद सुरक्षित असणें आणि तो वाचतां येणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. आणि नाश बहुधा दुसरीच्या वाटेनें येतो.

संगणकांतील मराठी मजकुराचें अगदीं असेंच झालें आहे, आणि त्याची जाणीव फार थोड्या घरांस आहे. त्याचें कारण थोडें समजावून सांगतों. संगणक अक्षर सांठवीत नाहीं, अंक सांठवितो. कोणत्या अंकास कोणतें अक्षर समजावें, हा केवळ संकेत आहे. रोमन अक्षरांचा संकेत फार पूर्वींच ठरलेला होता. देवनागरीचा संकेत भारतीय मानक म्हणून 'इस्की' या नांवानें १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. आणि सर्व जगाच्या लिप्यांस एका सूत्रांत गोंवणारा 'युनिकोड' हा संकेतहि त्याच वर्षीं निघाला, त्यांत देवनागरीस १२८ जागांचा गट मिळाला. परंतु घरगुती संगणकास युनिकोडांतील देवनागरी जुळवून दाखवितां येऊं लागली ती विंडोज २००० पासून. एक्सपींतहि ती सोय वेगळी सुरू करून घ्यावी लागे. मधल्या काळांत लोकांनीं काय करावें? तेव्हां निरनिराळ्या कंपन्यांनीं एक युक्ति काढली. रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी अक्षरांचीं चित्रें बसविलेले फॉण्ट त्यांनीं तयार केले. श्रीलिपि, आकृति, कृतिदेव, सी-डॅकचे आयएसएम इत्यादि नांवें जुन्या टंकलेखकांस परिचित आहेत. त्या युक्तीमुळेंच मराठी छापखाने, वृत्तपत्रें आणि कचेऱ्या संगणकावर आल्या, हें ऋण विसरतां कामा नये. पण प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. संगणकाच्या दृष्टीनें तो मजकूर मराठी नव्हताच. तो होता रोमन अक्षरांचा अर्थशून्य समूह, आणि त्यावर मराठीचा मुखवटा. तो फॉण्ट यंत्रांत असेतोंवर मुखवटा टिकतो. नवी प्रणाली आली, जुना फॉण्ट कोणी पुन्हां घातला नाहीं, कीं मुखवटा गळून पडतो.

त्यांतून त्या काळचे कांहीं प्रोग्रॅम असे कीं, डोंगल नांवाची किल्ली संगणकाच्या पाठीस लावल्याविना ते उघडत नसत. त्या किल्लीचें भोंकच आजच्या यंत्रांस नसतें. आणि सोळा-बिटी जमान्यांतील प्रोग्रॅम चौसष्ट-बिटी विंडोजवर चालत नाहींत; विंडोज ११ तर केवळ चौसष्ट-बिटीच निघते. म्हणून 'मागल्या दोन वेळां प्रणाली बदलली तेव्हां कांहीं बिघडलें नाहीं, आतां काय बिघडणार?' हा युक्तिवाद या वेळीं फसण्याचा संभव आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरची हकीकत सांगतों. त्या घरांतील वृद्ध मातोश्रींस जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येत असत. त्यांच्या शेवटच्या वर्षांत, म्हणजे सुमारें वीस वर्षांपूर्वीं, त्यांच्या चिरंजीवांनीं रोज संध्याकाळीं कचेरींतून आल्यावर आईच्या तोंडून त्या ऐकून संगणकावर उतरून घेतल्या. मातोश्री गेल्या. दफ्तर राहिलें. गेल्या हिवाळ्यांत नातवानें यंत्रांत नवी प्रणाली घातली, आणि आजीची फाईल उघडली तों पडद्यावर रोमन अक्षरें, टक्क्यांचीं चिन्हें, कंस आणि स्वल्पविराम यांची रास! आम्ही त्या दिवशीं सहज तेथें गेलों होतों. मुलगा हुशार आणि सरळ मनाचा. तो म्हणाला, 'गुरुजी, ही फाईल बिघडली आहे. पुसून टाकूं ना? उगीच जागा अडवते आहे.' त्याचे वडील क्षणभर कांहींच बोलले नाहींत. मग म्हणाले, 'अरे, तिचा आवाज आपल्याजवळ नाहीं. एवढेंच आहे.'

सुदैवानें त्याहून जुनें एक यंत्र माळ्यावर पडून होतें. भंगारवाला येऊन गेला होता, पण भाव न पटल्यामुळें तें राहिलें होतें. दुसऱ्या दिवशीं त्या यंत्रांतून जुन्या फॉण्टची फाईल काढून नव्यांत घातली, आणि त्या राशींतून पहिली ओवी अक्षर अक्षर दिसूं लागली. मग परिवर्तक नांवाच्या प्रोग्रॅमनें सारा मजकूर युनिकोडांत आणला. तरी काम संपलें नाहीं, कारण कांहीं वेलांट्या आणि रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले होते.

याचें कारण व्याकरणाची आवड असणाऱ्यांस मौजेचें वाटेल. 'कि' लिहितांना वेलांटी आधीं येते, उच्चार करितांना मात्र ती क-नंतर येते. 'अर्थ' लिहितांना रफार शेवटीं चढतो, उच्चारांत रकार आधीं येतो. जुन्या फॉण्टांनीं लेखणीचा क्रम धरला. युनिकोडानें जिभेचा क्रम धरला. आमच्यासारख्या पाणिनीच्या विद्यार्थ्यास युनिकोडाचा पक्ष मान्य होणार, हें उघडच आहे. पण एका क्रमांतून दुसऱ्यांत नेतांना यंत्र कोठें कोठें अडखळतें, आणि तें अडखळणें मराठी जाणणाऱ्या डोळ्यांसच दिसतें.

त्या घरच्या सूनबाईंनीं तें काम अंगावर घेतलें. सासूबाईंच्या कित्येक ओव्या त्यांस ऐकून ऐकून येत होत्या. त्या मोठ्यानें म्हणत, मुलगा पडद्यावर दुरुस्ती करी. चार दिवस हें चाललें. शेवटीं दोन ओळी अशा उरल्या कीं, यंत्रासहि उलगडेनात आणि घरांत कोणासहि आठवेनात. त्या जागा तशाच कोऱ्या ठेविल्या आहेत. ज्या बाईंस त्या ठाऊक होत्या, त्या आतां सांगावयास नाहींत. त्याच मुलानें नंतर मातोश्रींचीं नांवें आणि गांव फाईलच्या माथ्यावर आपण होऊन घातलें, हेंहि नमूद करावेंसें वाटतें.

एका घरीं माळ्यावरचें यंत्र भाव न पटल्यामुळें राहिलें, म्हणून ओव्या राहिल्या. ज्यांच्या घरीं भाव पटला असेल, त्यांचें काय? म्हणून आमची वाचकांस विनंति अशी कीं, प्रणालीचा विचार करण्यापूर्वीं दफ्तराचा विचार करावा, आणि पुढील क्रम पाळावा.

पहिलें काम, यादी. यंत्रांत घरचें काय काय आहे, तें घरांतील वडील माणसानें शेजारीं बसून वहींत लिहून घ्यावें. मुलांस छायाचित्रें आठवतात. कुळाचाराचें टांचण, श्राद्धतिथींची यादी, शेताच्या वाटणीचा कच्चा मसुदा, मंगळागौरीच्या गाण्यांची वही हें सारें वडीलधाऱ्यांसच आठवतें. अशा फाईली बहुधा 'नवीन', 'जुनें', 'आबा' असल्या नांवांखालीं दडलेल्या असतात.

दुसरें काम, वाचून पाहणें. प्रत्येक मराठी फाईल उघडावी. ती जुन्या फॉण्टांत आहे कीं युनिकोडांत, हें ओळखण्याची सोपी खूण आहे. चार शब्द निवडून मंगल किंवा निर्मला हा विंडोजबरोबर येणारा फॉण्ट त्यांस द्यावा. मराठी मराठीच राहिली तर तो युनिकोड. रोमन अक्षरें उमटलीं तर तो जुना मुखवटा. अशा फाईलींचें रूपांतर जुनी प्रणाली चालू असतांनाच करून घ्यावें, मूळ फाईल आणि तिचा फॉण्ट हीं दोन्ही एकत्र जपावीं, आणि रूपांतर झालेला मजकूर एकदां तरी मोठ्यानें वाचून मूळाशीं ताडून पाहावा. यापुढें नवें लेखन युनिकोडांतच करावें. इन्स्क्रिप्ट कळफलक प्रत्येक विंडोजमध्यें आहे. आणि ज्यांस रोमन अक्षरांवरून मराठी लिहिण्याची संवय आहे, त्यांच्यासाठीं उच्चारानुसारी मराठी कळफलकहि २०१९ पासून विंडोज १० मध्यें आला.

तिसरें काम, प्रती. आपल्या पूर्वजांनीं वेद कागदाविना टिकविले ते एकाच पाठावर विसंबून नव्हे. संहितापाठ झाला, तरी पदपाठ वेगळा. त्यावर क्रम, त्यावर जटा, त्यावर घन. एका पाठांत चूक शिरली तर दुसरा पाठ ती धरून देई. पोथ्यांच्या बाबतींतहि तोच विवेक होता. जुन्या लेखनिकांची पोथीच्या शेवटीं एक प्रार्थना लिहिण्याची चाल होती. तींत पोथीच आपणांस विनविते कीं, मला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून वांचवा, आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका. आजच्या पोथीस तेलाचें भय उरलें नाहीं; बाकीचीं भयें शिल्लक आहेत. म्हणून दफ्तराच्या निदान दोन प्रती यंत्राबाहेर कराव्या. एक बाहेरील हार्ड डिस्कवर, घरांत. दुसरी वेगळ्या ठिकाणीं, परगांवीं असलेल्या लेकीकडे वा मुलाकडे. प्रत केली म्हणजे ती दुसऱ्या यंत्रांत उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. आणि जें अत्यंत प्रिय असेल तें कागदावर छापून ठेवावें. कागदास प्रणाली लागत नाहीं.

हीं तीन कामें झाल्यावर मग कारभारी खुशाल बदलावा. यंत्रांतल्या यंत्रांत बढती देण्याचा मार्ग घेतला तर कागद सहसा जागचे हलत नाहींत, आणि न रुचल्यास साधारणतः दहा दिवसांच्या आंत मागें फिरतां येतें. पण दुरुस्ती करणारा 'फॉरमॅट मारावा लागेल' असें म्हणाला, तर त्याचा अर्थ पाटी कोरी होणार असा आहे, हें ध्यानांत धरून मगच होकार द्यावा. नव्या प्रणालींत सांठवण कुलूपबंद होण्याचीहि सोय असते. तिची ४८ अंकांची किल्ली कागदावर उतरून मिळकतीच्या कागदांत ठेवावी. ती हरवली तर दार मालकासहि उघडत नाहीं. जुनें यंत्र काढून टाकावयाचें असेल, तर तेंहि दफ्तर उतरून, पडताळून आणि आंतील मजकूर पुसूनच घराबाहेर जाऊं द्यावें.

आणखी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करितों. हें काम एकट्या मुलावर टाकूं नये आणि एकट्या वडिलांनींहि करूं नये. मुलास यंत्र कळतें, वडिलांस कागद कळतो. आणि गृहिणीस बहुधा दोहोंपेक्षां अधिक आठवतें. तिघांनीं एक रविवार यासाठीं काढावा. आमच्या पिढीस मोडी येत नव्हती, तेव्हां आमच्याच घरच्या पेटींतील कागद परक्याकडून वाचून घ्यावे लागले, आणि त्यानें जें सांगितलें तें खरें मानावें लागलें. आमच्या नातवंडांवर ती पाळी येऊं नये, इतकीच आमची इच्छा आहे. आणि त्यासाठीं लागणारा खर्च म्हणजे एक डिस्क, एक वही आणि तो एक रविवार, यापेक्षां अधिक नाहीं.